उत्तरेकडे वळणारी सुई

शिंप्याच्या दुकानात दिवस मावळताना जमिनीवर किती सुया आणि टाचण्या पडलेल्या असतात! चिंध्यांच्या आणि दोऱ्यांच्या गुंत्यातून त्या एकेक करून वेचावयाच्या म्हटले तर बराच वेळ जाईल, आणि एखादी तरी बोटात रुतल्यावाचून राहणार नाही. पण जाणता शिंपी तसे करीत नाही. तो लोहचुंबकाचा एक तुकडा घेतो आणि जमिनीवरून हलकेच फिरवितो. पाहता पाहता सुया आणि टाचण्या त्या तुकड्याला येऊन बिलगतात. चिंध्या मात्र जागच्या जागी राहतात. बटणे राहतात, खडू राहतो, पितळेचे अंगुस्तानही राहते. कोण आपला आणि कोण परका, हे त्या मुक्या तुकड्याला कसे बरे कळते?

मुलांनो, हा प्रश्न मनुष्याला फार प्राचीन काळापासून पडलेला आहे. निसर्गात मॅग्नेटाइट नावाचे एक काळे, जड खनिज सापडते. ते लोखंडाचेच खनिज आहे. त्याच्या काही दगडांच्या अंगी लोखंडाला ओढून घेण्याची शक्ती असते. ग्रीक लोकांना असे दगड मॅग्नेशिया नावाच्या प्रदेशात मिळाले, म्हणून त्यांना त्या प्रदेशाचे नाव पडले. आपल्या पूर्वजांनाही हा दगड परिचित होता. संस्कृतात त्याला ‘अयस्कांत’, म्हणजे लोखंडाला प्रिय असलेला, असे सुंदर नाव आहे. आणि कालिदासाने ‘कुमारसंभवा’त लोखंडाला ओढणाऱ्या या अयस्कांताची उपमाही दिली आहे. कोकणच्या काही किनाऱ्यांवर वाळूत काळ्या रेतीचे पट्टे दिसतात. तेथे चुंबक फिरवून पाहा. बारीक काळे कण त्याच्या टोकांना मिशांसारखे चिकटून येतील. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्याशी आपणास काम पडणार आहे.

चुंबकाची ओळख करून घ्यावयाची, तर ती पुस्तकातून करून घेण्यापेक्षा हातांनी करून घेणे बरे. एक पट्टीचुंबक घ्या आणि घरातील निरनिराळ्या वस्तूंना लावून पाहा. खिळा, टाचणी, विळीचे पाते यांना तो ओढील. तांब्याचा तांब्या, पितळेची समई, चांदीची वाटी, सोन्याची अंगठी, लाकडी पोळपाट यांच्याकडे तो ढुंकूनही पाहणार नाही. तेव्हा चुंबक धातूंना ओढतो असे म्हणणे चूक होय. लोखंड व त्यापासून तयार होणारे बहुतेक पोलाद, तसेच निकेल आणि कोबाल्ट हे धातू, एवढेच काय ते त्याच्या ओढीत येणारे नेहमीचे पदार्थ.

आता तोच चुंबक टाचण्यांच्या ढिगात घालून वर उचला. टाचण्यांचे झुबके दोन्ही टोकांना लोंबू लागतील. मधला भाग जवळजवळ मोकळा राहील. चुंबकाची शक्ती त्याच्या टोकांशी एकवटलेली असते. या टोकांना ‘ध्रुव’ म्हणतात. नीट पाहिले म्हणजे आणखी एक गंमत दिसेल. चुंबकाला चिकटलेल्या टाचणीला दुसरी टाचणी चिकटलेली असते, दुसरीला तिसरी. चुंबकाच्या सहवासात साधी टाचणीही तेवढ्यापुरती चुंबक बनते. पहिली टाचणी चुंबकापासून अलग केली, की सारी माळ गळून पडते.

यानंतर चुंबकाच्या मध्यभागी दोरा बांधून तो आडवा टांगा. थोडा वेळ तो हेलकावे खाईल आणि मग दक्षिणोत्तर स्थिर होईल. पुन्हा हलवा, पुन्हा तो तसाच स्थिर होईल. जे टोक उत्तरेकडे राहते तो त्याचा उत्तर ध्रुव, आणि दक्षिणेकडे राहते तो दक्षिण ध्रुव. या टांगलेल्या चुंबकाच्या उत्तर ध्रुवाजवळ दुसऱ्या चुंबकाचा उत्तर ध्रुव न्या. तो झटकन दूर सरेल. दक्षिण ध्रुव न्या. तो ओढीने जवळ येईल. सजातीय ध्रुव एकमेकांना दूर लोटतात आणि विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात, हा चुंबकाचा मुख्य नियम होय.

कोणी म्हणेल, चुंबक मधोमध मोडला तर दोन्ही ध्रुव वेगळे होतील. तेही करून पाहण्यासारखे आहे. एक जुनी सुई चुंबकावर घासून तिला चुंबक बनवा आणि वडील माणसांकडून सांडशीने तिचे दोन तुकडे करून घ्या. दोन्ही तुकड्यांना दोन दोन ध्रुव असल्याचे आढळून येईल. त्या तुकड्यांचे आणखी तुकडे केले तरी प्रत्येक तुकडा दोन ध्रुवांचा पूर्ण चुंबकच राहील.

असे का व्हावे? लोखंडाचे अणू हेच मुळी इवलेइवले चुंबक असतात, आणि त्यांचे समूह आपापल्या परीने एका दिशेला तोंड करून असतात. साध्या लोखंडात हे समूह आठवड्याच्या बाजारातील गर्दीसारखे असतात. कोणाचे तोंड इकडे, कोणाचे तिकडे. त्यामुळे एकाची ओढ दुसऱ्याच्या ओढीने फुकट जाते. लोखंडावरून चुंबक एकाच दिशेने पुनःपुन्हा फिरविला, की बाजाराची दिंडी होते. बहुतेकांची तोंडे पंढरीच्या वाटेला लागावीत तसे ते समूह एका दिशेला वळतात आणि सर्वांची मिळून एक ओढ जाणवू लागते. दिंडी मध्येच तोडली तरी पुढच्यांची आणि मागच्यांची तोंडे पंढरीकडेच राहतात. मोडलेल्या चुंबकाचेही तसेच आहे. नरम लोखंडात ही शिस्त लवकर लागते आणि लवकर मोडते. पोलादात ती सावकाश लागते, पण टिकून राहते. चुंबक हातोडीने ठोकला किंवा लालबुंद तापविला तर दिंडीचा पुन्हा बाजार होतो. ७७० अंश सेल्सिअसपलीकडे तापलेल्या लोखंडाला चुंबक ओढीत नाही.

चुंबकाची ओढ डोळ्यांना दिसत नाही. परंतु तिची आकृती पाहता येते. चुंबकावर एक कोरा कागद ठेवा, त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरा आणि कागदाला हलकेच टिचक्या मारा. कीस आपोआप वळणदार रेषांत मांडला जाईल. एका ध्रुवापासून निघून दुसऱ्या ध्रुवाकडे वळणाऱ्या या रेषांना ‘बलरेषा’ म्हणतात, आणि ज्या जागेत ही ओढ जाणवते तिला ‘चुंबकीय क्षेत्र’ म्हणतात.

टांगलेला चुंबक उत्तर दाखवितो, या एका गुणाने समुद्रावरच्या माणसाला वाट दाखविली. शेन को या चिनी पंडिताने इ. स. १०८८ च्या सुमारास चुंबकावर घासलेल्या सुईचे वर्णन लिहून ठेवले आहे. ही सुई नेमकी दक्षिणोत्तर राहत नाही, किंचित कललेली राहते, हेही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. पुढे ही सुई डबीत बसली आणि होकायंत्र तयार झाले. आभाळ भरून आले, ध्रुवतारा दिसेनासा झाला, तरी खलाशी आता दिशा चुकत नव्हता.

परंतु सुई उत्तरेकडे का वळते, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते. कोणी म्हणे, ध्रुवतारा तिला ओढतो. कोणी म्हणे, उत्तर समुद्रात चुंबकाचा एक पर्वत आहे. लसणाच्या वासाने चुंबकाची शक्ती नाहीशी होते, हिऱ्यावर घासलेले लोखंड उत्तरेकडे वळते, असेही मोठमोठे लोक म्हणत आणि लिहीत असत. इंग्लंडातील विल्यम गिल्बर्ट नावाच्या वैद्याने ठरविले, की कोण काय म्हणतो ते पुरे झाले. आता करून पाहू. त्याने पंचाहत्तर हिरे घेऊन अनेक साक्षीदारांसमक्ष प्रयोग केला आणि हिऱ्याची गोष्ट खोटी ठरविली. मग त्याने चुंबकपाषाणाचा एक गोळा घडविला आणि त्यावर एक चिमुकली सुई ठिकठिकाणी ठेवून पाहिली. पृथ्वीच्या पाठीवर सुई जशी वागते तशीच ती या गोळ्यावर वागली! पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक आहे, असा निष्कर्ष त्याने १६०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात मांडला.

येथे एक कोडे आहे. विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात. मग सुईचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे कसा ओढला जातो? उत्तर सोपे आहे. पृथ्वीरूपी चुंबकाचा जो ध्रुव उत्तरेकडे आहे, तो चुंबकाच्या नियमाप्रमाणे पाहता दक्षिण जातीचा आहे. तो भौगोलिक उत्तर ध्रुवाच्या जागीच असतो असेही नाही. म्हणून सुई बहुतेक ठिकाणी खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळलेली राहते. या ढळण्याच्या कोनाला ‘दिक्पात’ म्हणतात. मुंबईच्या परिसरात हा कोन एका अंशाहूनही कमी आहे. पण जगात इतरत्र तो पुष्कळच मोठा असू शकतो, आणि त्याची माहिती नसलेले जहाज भलत्याच किनाऱ्याला लागू शकते.

गिल्बर्टनंतर दोनशेवीस वर्षांनी, १८२० साली, डेन्मार्कमधील ओर्स्टेड या अध्यापकाच्या दृष्टीस एक नवीच गोष्ट पडली. तारेतून विजेचा प्रवाह वाहू लागताच जवळची चुंबकसूची चळली. प्रवाह थांबला, सूची पूर्वपदावर आली. वीज आणि चुंबकत्व ही एकाच कुळातील भावंडे आहेत, हे त्या दिवशी उघड झाले. लोखंडी खिळ्याभोवती वेष्टित तारेचे वेढे देऊन त्यातून विजेरीच्या घटाचा प्रवाह सोडला, की खिळा चुंबक बनतो; प्रवाह बंद केला, की बहुतेक शक्ती जाते. या विद्युतचुंबकावर विजेची घंटा वाजते, पंखा फिरतो आणि भंगाराच्या वखारीतील यारी मणामणांचे लोखंड उचलून टाकते. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मूळही येथेच आहे. आपल्या पायांखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर पृथ्वीचा गाभा सुरू होतो. त्याच्या बाहेरील थरात वितळलेले लोखंड सतत वाहत असते. इतके तप्त लोखंड स्वतः चुंबक राहू शकत नाही. परंतु त्याच्या वाहण्याने विजेचे प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्या प्रवाहांमुळे पृथ्वी चुंबक झाली आहे.

गाभ्यातील लोखंड वाहते, त्यामुळे पृथ्वीचे चुंबकत्व वर्षानुवर्षे हळूहळू बदलत जाते. सूर्यामुळे ते दिवसाच्या प्रहरांप्रमाणेही किंचित कमीजास्त होते, आणि कधी कधी तर त्यात वादळेच उठतात. या गोष्टी एक दिवस सुईकडे पाहून कळावयाच्या नाहीत. त्यासाठी पिढ्यान् पिढ्या कोणी तरी सुईजवळ पहारा केला पाहिजे. असा पहारा करणाऱ्या जुन्या ठिकाणांपैकी एक आपल्या मुंबईत होते.

मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे १८२६ साली वेधशाळा स्थापन झाली, आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जाऊ लागले. मराठी वृत्तपत्राचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी या वेधशाळेचा कारभार काही काळ पाहिला, आणि थोर गणिती केरूनाना छत्रे यांनी आपल्या तरुणपणी येथेच वेध घेण्याचे काम केले. त्या काळी सुईची स्थिती डोळ्यांनी पाहून वहीत लिहावी लागे. एरवी हे काम ठरावीक वेळाने होई. सुई अस्वस्थ झाली म्हणजे मात्र थोड्या थोड्या मिनिटांनी. कोणाला वाटेल, असल्या आकड्यांनी वह्या भरून काय साधणार?

१८५९ सालच्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस इंग्लंडातील कॅरिंग्टन या ज्योतिर्विदाला सूर्यबिंबावर डोळे दिपविणारा एक प्रकाश उसळताना दिसला. त्यानंतर एक दिवसही उलटला नाही, तोच साऱ्या पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारी रंगीत प्रभा उष्ण कटिबंधातील क्यूबासारख्या बेटावरूनही दिसली. कुलाब्याच्या वेधशाळेत तेव्हा वेधकर्ते आपल्या जागी होते. सुई कधी नव्हे इतकी ढळत होती आणि ते आकड्यांमागून आकडे लिहीत होते. पृथ्वीच्या क्षैतिज चुंबकीय बलात त्या दिवशी सुमारे १,६०० नॅनोटेस्ला, म्हणजे एकूण बलाच्या जवळजवळ चार टक्के, घट झाल्याची नोंद तेथे झाली. एरवी वादळातही ही घट याच्या कितीतरी कमी असते.

ही वही १४४ वर्षांनी कामास आली. भारतीय आणि परदेशी संशोधकांनी मिळून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्या वादळाचा जोर कुलाब्याच्या या नोंदीवरून मोजण्यात आला. हे केवळ कुतूहल नव्हे. १९८९ च्या मार्चमध्ये त्याहून सौम्य वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीज सुमारे नऊ तास बंद पाडली आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. पुन्हा १८५९ सारखे वादळ आले तर काय होईल, याचा अंदाज ज्यावरून बांधावयाचा, त्या मोजक्या नोंदींत आपल्या कुलाब्याची ही नोंद आहे.

हा पहारा एकदा मोडण्याची वेळ आली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेची ट्राम आणण्याचे ठरले. शहराच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता होती. परंतु ओर्स्टेडची चळलेली सुई आठवा! ट्रामचा प्रवाह रुळांवाटे जमिनीत झिरपणार आणि वेधशाळेच्या नाजूक सुया तो हालविणार. मग सुई हलली ती पृथ्वीमुळे की ट्राममुळे, हे कोणी ओळखावे? ट्राम थांबविणे योग्य नव्हते आणि साठ वर्षांची नोंद तोडणेही योग्य नव्हते. त्या वेळी नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे प्रमुख होते. या पदावर आलेले ते पहिले भारतीय. खाडीपलीकडे, मुंबईहून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या अलिबागेस चुंबकीय वेध हलविण्याचे ठरले.

तेथील इमारत मोठ्या काळजीने बांधावी लागली. आपला काळा पाषाण भिंतींना चालला नसता. त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात, हे तुम्हाला आठवतच असेल. म्हणून चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड निवडून आणला. जेथे एरवी लोखंडी खिळे, कड्या आणि बिजागऱ्या असावयाच्या, तेथे तांबे आणि पितळ वापरले. १९०४ साली अलिबागेत वेध सुरू झाले. पण कुलाब्याचे वेध लगेच थांबविले नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. दोन ठिकाणच्या आकड्यांत किती अंतर पडते ते अशा रीतीने कळले, आणि जुन्या नोंदीला नवी नोंद बेमालूम सांधली गेली. १९०७ साली मुंबईच्या रस्त्यांवरून विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा सुया अलिबागेत सुरक्षित होत्या. १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या वेधांचा मोठा ग्रंथ मूस यांनी १९१० साली प्रसिद्ध केला.

मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. अलिबागचे वेध मात्र आजही चालू आहेत. १९७१ साली स्थापन झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था ते काम सांभाळते. आता सुईजवळ वही घेऊन बसावे लागत नाही. यंत्रे आपोआप नोंद करतात. तथापि यंत्र नीट चालले आहे ना, हे पाहणारा दक्ष मनुष्य अजूनही तेथे लागतो.

१८५९ च्या त्या दिवशी कुलाब्यास आकडे लिहिणाऱ्यांना, दीडशे वर्षांनी त्यांचे काय होईल हे कळणे शक्यच नव्हते. त्यांनी फक्त जे दिसले ते जसेच्या तसे लिहिले, आणि ज्या वेळी लिहावयाचे त्याच वेळी लिहिले. आज रात्री एका मातीच्या परळात पाणी घ्या. चुंबकावर घासलेली सुई लहानशा पानावर ठेवून ते पान पाण्यात अलगद सोडा. सुई डगमगेल, फिरेल आणि हळूच उत्तरेकडे वळून स्थिर होईल. त्या वेळी तुमच्या पायांखाली हजारो किलोमीटर खोल वाहणारा तो लोहरस तुमच्या घरातील इवल्याशा सुईशी बोलत असेल. तिच्याकडे लक्ष देऊन पाहा, आणि जे दिसेल तेच लिहा.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) ‘चुंबक धातूंना ओढतो’ हे विधान चूक का आहे?
(आ) गिल्बर्टने पृथ्वी हा चुंबक आहे असा निष्कर्ष कशावरून काढला?
(इ) कुलाबा व अलिबाग येथे १९०४ ते १९०६ या काळात एकाच वेळी वेध का घेतले गेले?

२. कारणे द्या.
(अ) अलिबागच्या वेधशाळेसाठी स्थानिक काळा दगड वापरला नाही.
(आ) चुंबक हातोडीने ठोकू नये.

३. ‘बाजाराची दिंडी होते’ या शब्दांत लेखकाने काय सुचविले आहे, ते आपल्या शब्दांत सांगा.

४. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : ढुंकून न पाहणे, बेमालूम, पूर्वपदावर येणे, दक्ष, सहवास.

५. पाण्यावर तरंगणारी सुई करून ती सात दिवस ठरावीक वेळी पाहा. तारीख, वेळ आणि सुईची दिशा वहीत नोंदवा. एखाद्या दिवशी सुईची दिशा निराळी दिसली, तर जवळपास लोखंडी वस्तू किंवा विजेची तार आहे काय, याचा शोध घ्या. परंतु नोंद मात्र बदलू नका.